आज्जीची चाल, बारा कागद

रविवारी इथे दुपारचा एक वाजतो तेव्हा मिरजेत साडेनऊ झालेले असतात, आज्जीची पूजा आटोपलेली असते आणि तिचा मूड बरा असतो, म्हणून मी ती वेळ धरून व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, आज्जी, फोन दादाच्या हातात दे आणि तू जरा स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून दाखव. तिचा पहिला प्रश्न, "कशाला? डॉक्टरला दाखवणार आहेस का?" दुसरा, "फोनकडं बघत चालू का न बघता?" म्हटलं, तू रोज चालतेस तशी चाल. ती दोनदा गेली, दोनदा आली आणि मग म्हणाली आता पुरे, कुकर लावायचाय.

तर हे होमवर्क होतं. खरंच.

बऱ्याच जणांना वाटतंय मी तोक्योत "कॉम्प्युटरचं काहीतरी" शिकतेय. नाही हो, मी पेन्सिल आणि कागदावरचं ॲनिमेशन शिकतेय. नेरिमा भागात एका छोट्या खोलीत राहते, दोन वर्षांचा कोर्स आहे. नेरिमा म्हणजे इथल्या कार्टूनवाल्यांची जुनी आळी समजा. तोएई कंपनीचा स्टुडिओ इथे ओइझुमीला, त्यांनी 1958 साली जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट काढला. कॉमिक्स आणि कार्टूनवाले ओसामु तेझुका यांचा स्टुडिओ पण इथलाच, फुजिमिदाईचा. ओइझुमी-गाकुएन स्टेशनबाहेर कार्टूनमधल्या पात्रांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि लोक त्यांच्या शेजारून भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत जातात, मीच काय ती पहिला महिनाभर रोज फोटो काढत होते.

आता कामाबद्दल. मोठा आर्टिस्ट हालचालीतली मुख्य चित्रं काढतो, त्याला गेंगा म्हणतात. त्यांच्या मधली चित्रं भरायची आणि सगळ्याची स्वच्छ रेघ काढायची हे दोगा करणाऱ्याचं काम, म्हणजे आमच्यासारख्या नवशिक्यांचं. मधलं चित्र भरण्याला नाकावारी म्हणतात (नाकाशी काही संबंध नाही, नाका म्हणजे मध्ये). कागदाला तीन भोकं असतात, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट, ती ताप नावाच्या पट्टीवरच्या खुंट्यांमध्ये बसवायची म्हणजे शंभर कागद एकावर एक ठेवले तरी केसभर सरकत नाहीत. खाली लाइटबॉक्स. डाव्या हाताच्या बोटांत कागद अडकवून फडफड उलटत राहायचं, आधीचं, मधलं, नंतरचं, पुन्हा आधीचं. पहिल्या दोन महिन्यांत चित्र सुधारलं का माहीत नाही, पण पोळी उलटायचा वेग नक्की वाढला.

यात एक युक्ती शिकवली ती मला फारच आवडली, तापवारी. समजा पहिल्या कागदावर हात खाली आहे आणि दुसऱ्यावर बराच वर, आणि हाताचा आकार साधारण तोच आहे. मग दोन्ही कागद खुंट्यांवरून काढायचे आणि एक हात बरोबर दुसऱ्या हातावर येईल असे सरकवायचे. साहजिकच भोकं एकमेकांपासून लांब जातात. आता वर कोरा कागद असा ठेवायचा की त्याची भोकं त्या दोन भोकांच्या बरोब्बर मध्ये येतील, टेप लावायची, त्यावर हाताचं चित्र काढायचं, आणि कागद परत खुंटीवर बसवला की हात आपोआप मधोमध! गणित नाही, पट्टी नाही. कुणी पहिल्यांदा शोधलं असेल त्याला साष्टांग नमस्कार.

आणि इथेच मी तोंडावर आपटले. कारण हात सरळ रेषेत वर जात नाही, खांद्यावरून गोलाईत जातो. मी तापवारीने काढलेलं मधलं चित्र मापाला अचूक होतं आणि बघायला भयंकर, हात सरकत्या जिन्यावर उभा राहून वर चालल्यासारखा. सेन्सेईंनी (आमच्या शिक्षिका, सत्तरीच्या आहेत, सेलच्या म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर चित्रं रंगवायच्या जमान्यातल्या) काही न बोलता स्वतःचा हात वर केला, हळूच, तीनदा. मग म्हणाल्या, "मधलं चित्र मध्ये नसतं." कागद परत. इथे त्याला रितेकु म्हणतात, म्हणजे आपलं रीटेक. तसलं मानेच्या वळण्याचं एक चित्र मी नऊ वेळा काढलंय, कारण मान वळताना हनुवटी जरा खाली जाऊन वर येते हे मला एकोणतीस वर्षं मान असूनही माहीत नव्हतं.

रेघेचं तर वेगळंच. स्केचबुकात आपण रेघ जाड-बारीक करून भाव खातो ना, इथे ते चालत नाही. जुन्या काळी पारदर्शक सेलवर पेनाने हाताने रेघ उतरवायचे, नंतर मशीन आलं ते कार्बनने पेन्सिलीची रेघ सेलवर छापायचं, आणि मागच्या बाजूने रंग भरायचे. आता सेल गेले, कागद स्कॅन होतो, पण रेघ तुटली की रंग बाहेर सांडतो म्हणून नियम तोच, एकसारखी, न तुटणारी रेघ. उजेडाची हद्द लाल पेन्सिलीने, सावलीची निळ्या. टीव्हीवरची सेलवरची शेवटची मालिका 2013 पर्यंत चालू होती, म्हणजे मी कॉलेजात व्हॉट्सॲप वापरत होते तेव्हा इथे कुणीतरी दर आठवड्याला सेल रंगवत होतं! सेन्सेईंकडे जुने सेल आहेत, पाकीट उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. सेल ज्याचे असतात ते ॲसिटेट सडायला लागलं की असा वास सुटतो. त्या हसून "लोणचं" या अर्थाचा जपानी शब्द म्हणाल्या, त्सुकेमोनो. मला उगाच घरची बरणी आठवली.

पैशाचा विषय निघतोच, विशेषतः काकांच्या फोनवर. तर दोगाला कागदामागे पैसे मिळतात, साधारण 200 येनच्या आसपास. महिन्यात 500 कागद केले तर लाखभर येन, आणि तोक्योत त्यात भागत नाही. याचं खापर बरेच जण तेझुकांवर फोडतात. त्यांची अ‍ॅटमची (हा एक यंत्रमानव मुलगा) कार्टून मालिका 1 जानेवारी 1963 ला सुरू झाली, दर आठवड्याला अर्धा तास, आणि चॅनलला ती स्वस्तात दिली. तेवढ्यात बसवायचं म्हणून सेकंदाच्या 24 फ्रेमला 24 किंवा 12 चित्रं न काढता एक चित्र तीन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला आठ. नुसते ओठ हलवायचे, जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. मला स्वतःला सगळं एका माणसाच्या डोक्यावर टाकणं पटत नाही, नंतरच्या साठ वर्षांत कुणी दर वाढवायला अडवलं होतं का? पण आठ चित्रांची ती कंजुषी हीच पुढे इथली शैली झाली हे मात्र खरं, कुठे थांबायचं आणि कुठे उधळायचं हे या लोकांना जे कळतं ते तिथूनच आलंय.

आणि आपला संबंध? पहिल्याच दिवशी मी इंडियाची म्हटल्यावर सेन्सेई म्हणाल्या, "आ, रामायाना!" लहानपणी टीव्हीवर बघितलेलं ते कार्टून रामायण आठवतंय का, जपानी युगो साको यांचं? साको 1983 मध्ये भारतात उत्खननावर डॉक्युमेंटरी करायला आले आणि रामायणात अडकले. मग त्यांनी, कोइची सासाकी आणि मुंबईच्या राम मोहन यांनी मिळून तो सिनेमा केला, 1992 मध्ये पूर्ण झाला, सगळा हाताने. राम मोहन शिकले फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. मुंबईत 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स येऊन शिकवत होते तिथे. आणि त्याही आधी, 1915 मध्ये आपल्या दादासाहेब फाळक्यांनी आगपेटीच्या काड्या एक एक सरकवून त्यांना नाचवलं होतं. हाताने काढलेलं नव्हे ते, पण जीव खाऊन एक एक फ्रेम करायचं वेड तेच. जपानमध्ये थिएटरात दाखवलेली सगळ्यात जुनी टिकलेली ॲनिमेशन फिल्म 1917 ची आहे, हे मी वर्गात जरा ताठ मानेने सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

तर होमवर्क. "ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाची चाल", जागच्या जागी चालणारी, शेवटचं पाऊल पुन्हा पहिल्याला जोडायचं. मी आज्जी घेतली, नऊवारीतली. पहिल्या प्रयत्नात पदर असा फडफडवला की सिनेमातली हिरॉईन शेतातून पळतेय. सेन्सेईंनी विचारलं, हे कापड मागे कुठे जातं? आणि मला सांगता येईना. आयुष्यभर बघितलेला काष्टा, पण नेमका कसा जातो ते हाताला माहीतच नाही. म्हणून तो कॉल.

व्हिडिओ फ्रेम फ्रेम थांबवून बघितला तेव्हा कळलं की आज्जीचा पदर हलतच नाही, तो कमरेला घट्ट खोचलेला आहे, हलतं ते फक्त टोक, चार बोटं, आणि तेही पाऊल पडून गेल्यावर. काष्टा मागे स्थिर. उजवा गुडघा दुखतो म्हणून त्या पायावर ती कमी वेळ थांबते आणि डावा पाय पटकन टाकते, मग डाव्यावर उभं राहून उजवा हळूच ओढत आणते. एक पाऊल 15 फ्रेमचं आणि दुसरं 21 चं! तीन-तीन फ्रेम धरून पाच आणि सात, एकूण बारा कागद. मी आधी दोन्ही पावलं सारखी काढली होती, सहा-सहा, आणि ती कुणाचीही आज्जी झाली असती.

बारा कागदांना अकरा दिवस लागले. सेन्सेईंनी गठ्ठा फडफडवला, दोनदा, मग सातव्या कागदावर टोकाशी एक छोटी खूण केली आणि बाकी सोडून दिलं. "ओत्सुकारेसामा," म्हणजे दमलात, छान कष्ट घेतलेत, एवढंच. मी घरी येऊन रामेन खाल्लं आणि नऊ वाजता झोपले.

काल आज्जीला क्लिप पाठवली. आधी म्हणाली, "एवढी वाकलीय होय गं मी?" मग दादाला परत परत लावायला सांगितली, दीड सेकंदाची ती क्लिप गोल गोल फिरत राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "चालतीय चालतीय, पण ही जाणार कुठं आहे? मागं दार काढ की एखादं."