फिजिओ म्हणाल्या, तबला घेऊन या

तबल्याच्या विशारद परीक्षेच्या तयारीत रोज अडीच-तीन तास रियाज चालला होता आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, आधी फक्त धिरधिर हे जलद बोल वाजवताना, मग कुकरचं झाकण उघडतानासुद्धा. पहिल्यांदा दाखवलं तिथे सांगितलं, महिनाभर तबला बंद. केला बंद, दुखणं थांबलं, आणि परत बसले तर चौथ्या दिवशी जसंच्या तसं.

मग ठाण्यात पाचपाखाडीत एका फिजिओकडे गेले, त्या म्हणाल्या पुढच्या वेळी तबला घेऊन या. रिक्षात डग्गा मांडीवर घेऊन गेले, सतरंजीवर बसून रेला, म्हणजे वेगात सलग वाजवायचे बोल, वाजवला आणि त्या बाजूने नुसत्या बघत होत्या. मांडी घातली की माझी कंबर मागे कलते, मग पाठीला पोक, खांदे वर, आणि सगळा भार मनगटावर. इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलंच नव्हतं!

आता बुडाखाली ब्लँकेटची जाड घडी घेते, गुडघे कमरेच्या खाली राहतात. व्यायाम म्हणजे हात टेबलावर ठेवायचा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्यायचा आणि चार मोजत सावकाश खाली सोडायचा, 15 वेळा, असं तीनदा. शिवाय खिडकीच्या ग्रिलला रबर बँड बांधून कोपरं मागे ओढायची, खांद्याची पाती जवळ आणायची. स्नायू हाडाला धरून ठेवणारा टेंडन नुसत्या आरामाने मजबूत होत नाही, त्याला हळूहळू वाढवत नेलेलं वजन लागतं, आणि वेळ लागतो, मला तीन महिने लागले. करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर वजन कमी करायचं.

रियाजही 20 मिनिटं, मग 5 मिनिटं उठायचं, आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतला ठेका आणि रेला अगदी शेवटी. परवा 45 मिनिटं लेहऱ्यावर, म्हणजे साथीला सतत फिरणाऱ्या सुरावटीवर, वाजवलं, मला रडूच आलं.

क्लासमध्ये अजून म्हणतात दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, हे मला अजिबात पटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रॉबर्ट शुमानचं उजव्या हाताचं बोट ऐन विशीत कामातून गेलं आणि पियानो वाजवण्याचं करिअर तिथेच संपलं, पुढे तो मोठा संगीतकार झाला ते वेगळं. बोटांना मुंग्या येत असतील, बधिर होत असतील किंवा बोट आपोआप वळत असेल तर माझे व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि जमलं तर वाजवून दाखवा.