तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त थांबत नाही, मग छाती कशी उघडू दिलीत?

परभणीत, परळीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा मला हा प्रश्न विचारतात, आणि त्यात माझ्या घरच्यांनी अविचार केला असा ठपका असतो. मला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही; पण हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची झडप इतकी आखडली होती की चालताना डोळ्यांपुढे अंधारी येई. तशात वाट पाहत बसणे हाच खरा अविचार ठरला असता.

ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुफ्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर घेताना हेपारिन हे औषध देऊन कोणाचेही रक्त गोठण्यापासून रोखतात आणि नंतर प्रोटामिनने तो परिणाम उतरवतात. माझी अडचण त्यानंतरची होती. माझा हिमोफिलिया ए प्रकारचा आणि तीव्र असल्याने रक्त गोठवणारे फॅक्टर आठ हे प्रथिन माझ्यात एक टक्कासुद्धा नाही. ते शिरेतून किलोमागे एक युनिट दिले की पातळी साधारण दोन टक्के वाढते, म्हणजे माझ्या साठ किलोंना शंभर टक्क्यांसाठी ३००० युनिट लागतात, आणि आठ ते बारा तासांत त्यातले निम्मे संपते. त्या सकाळी सिस्टरांनी एकेक बाटली न हलवता तळहातांत हळूहळू फिरवून औषध विरघळवले, आणि पातळीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत डॉक्टरांनी मला टेबलावर घेतले नाही.

खरी ओढाताण झाली ती आदल्या संध्याकाळी, झडपेवरून. पन्नाशीच्या आतल्या माणसाला एरवी धातूची झडप सुचवतात, कारण ती टिकते. पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. काका हट्टाला पेटले होते, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे, पुन्हा छाती फाडायची नाही." मीही त्यांच्याच बाजूचा होतो. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "गुडघ्यात रक्त उतरेल तेव्हा गोळी बंद करायची की झडपेवर रक्त गोठू द्यायचे?" काका उठून व्हरांड्यात गेले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, आणि जन्मभर ती गोळी न लागणाऱ्या जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या, झडपेच्या संमतीपत्रावर मी सही केली. त्यानंतर रात्रभर मी स्वतःशी भांडत होतो, कारण जैविक झडप झिजते आणि माझ्या वयात ती लवकर झिजते.

ते भांडण अजून मिटलेले नाही. तेव्हाच्या मला दुसरे ऑपरेशन नको होते, आणि त्याचे म्हणणे मी आजही खोडून काढू शकत नाही. दरवर्षी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतो, त्याबरोबर इनहिबिटरची तपासणीही करतो. शरीराने फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे, म्हणजेच इनहिबिटर, तयार केली, तर पुढच्या वेळी ३००० युनिटांचे हे गणित चालणार नाही, आणि तसे होणार नाही याची हमी मला कोणी दिलेली नाही.