तुम्ही विचारलंत म्हणून: ती दाढ काढून का टाकत नाही?

लग्नात, बारशात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही असले तरी माझा हात उजव्या गालाकडे गेला की प्रश्न येतोच. "अजून दुखतंय? मग ती दाढ काढून का टाकत नाही एकदाची?" विचारणाऱ्याच्या पोटात माया असते, हे मला कळतं. पण जेवणाच्या पंगतीत उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि समोरच्याला वाटतं, ही घाबरते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दाढ काढत नाही, कारण दुखणं दाढेत नाही.

हे पटायला जड जातं, कारण सुरुवात दाढेपासूनच झाली. उजवीकडची वरची दाढ किडली, कीड आतल्या नसेपर्यंत पोचली, रात्र रात्र ठणका लागायचा. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, कॅप बसली. काही आठवड्यांनी मात्र गालाच्या हाडाखाली वेगळंच दुखणं सुरू झालं. ठणका नाही, कळ नाही. खोलवर काहीतरी रुतून बसल्यासारखी सल, आणि अधूनमधून हिरडीची भगभग. सकाळी चहाच्या वेळी ती बारीक असते. शाळेत तास घेऊन घसा बसायच्या सुमारास वाढते आणि संध्याकाळी डोळ्याखालपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पसरते. बोट ठेवून 'इथे दुखतं' असं दाखवता येत नाही, अख्खा तळहात लावावा लागतो. बरं, सूज नाही, लाली नाही, ताप नाही. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

रूट कॅनाल करणाऱ्या डॉक्टरांनी बिघडवलं का, हा दुसरा प्रश्न. नाही. त्यांचे एक्सरे नंतर दोन वेगळ्या तज्ज्ञांनी पाहिले. काम मुळाच्या टोकापर्यंत व्यवस्थित झालेलं आहे, हाडात कुठे पू नाही, मुळाला तडा नाही. नीट केलेल्या कामानंतरही असं होऊ शकतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, रूट कॅनालनंतर सहा महिने उलटले तरी शंभरातल्या साधारण तीन-चार जणांना दुखत राहतं आणि त्याचं मूळ दातात नसतं. आपल्याकडे गावोगाव रूट कॅनाल होतात. म्हणजे ही माणसं थोडीथोडकी नसणार. ती भेटत नाहीत, कारण कुणी बोलत नाही.

आता ती दाढ न काढण्याचा निर्णय कसा झाला, ते सांगते. वर्षभर हिंडून झाल्यावर मुंबईतल्या एका सरकारी दंत महाविद्यालयात गेले. दाढ काढून द्या, अशी विनंती करायलाच गेले होते. ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या दुखण्यांचं निदान करून औषधं देणाऱ्या विभागातल्या मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही, हे मला आजही आठवतं. मग म्हणाल्या, "काढण्याआधी ती दाढ फक्त झोपवून बघू." हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच-दहा मिनिटांत गाल जड झाला, ओठ कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटायला लागला. त्यांनी आरशाच्या दांड्यानं दाढेवर टकटक केलं, मला काही कळलं नाही. सुईचं टोक हिरडीला लावलं, तेही कळलं नाही. "आता दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, सहा. इंजेक्शनच्या आधीही सहाच सांगितलं होतं. थोडा वेळ थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. सहाच.

"ताई, दाढ झोपलीय आणि दुखणं जागं आहे," त्या म्हणाल्या. "मग दाढ काढून मी तुमचं काय काढणार?"

या एका तपासणीवर निदान ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. भुलीनं काहींचं दुखणं अर्धवट कमी होतं आणि मग गोंधळ होतो. म्हणून जबड्याचा त्रिमितीय स्कॅन झाला, डोक्याचा एमआरआय झाला, सायनस पाहिले, कानाजवळचा जबड्याचा सांधा दाबून पाहिला. सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन मी त्या दिवशी घरी येऊन रडले. रिपोर्टमध्ये काही निघालं असतं तर निदान लोकांना दाखवता आलं असतं, असं वाटत होतं. आता तसं वाटत नाही. ज्या गोष्टी तिथे निघू शकल्या असत्या, त्या निघाल्या नाहीत, हे किती चांगलं झालं, हे कळायला मला वेळ लागला.

कागदावर नाव पडलं ते पर्सिस्टंट इडिओपॅथिक फेशियल पेन. चेहऱ्याचं असं दुखणं जे तीन महिन्यांहून अधिक काळ, रोज दोन तासांहून अधिक राहतं, आणि तपासण्यांत कारण सापडत नाही. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे. मॅडमनी माझ्याच केसपेपरच्या मागे चेहरा काढून समजावलं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, ट्रायजेमिनल. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांमधली पाचवी. तिच्या तीन फांद्या: एक कपाळाची, एक गालाची आणि वरच्या जबड्याची, एक खालच्या जबड्याची. प्रत्येक दाताच्या आत तिचाच एक धागा असतो आणि रूट कॅनालमध्ये तोच काढतात. बहुतेकांची ती जखम निमूट भरून येते. काहींच्या बाबतीत टोकाकडची जखम भरते, पण हे संदेश मेंदूच्या तळाशी जिथे पोचतात तिथल्या पेशी जास्तच हळव्या होऊन बसतात, असं मानतात. मग खिडकीतून येणारा वारा किंवा हिरडीला लागलेली जीभसुद्धा वर दुखणं म्हणून पोचते. हात गमावलेल्या माणसाची नसलेली बोटं दुखतात, हे आपण ऐकलेलं असतं. दाताचंही तसं होतं. काढून टाकलेल्या दाताच्या रिकाम्या जागी दुखत राहिलेली माणसं आहेत.

आणि हे आजचं नाही. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७८ साली जबड्याच्या अशा दुखण्याबद्दल लिहून ठेवलंय, ज्याचा दातांशी संबंध नसतो पण संशय दातांवरच येतो. एक दात काढायचा, दुखणं शेजारी सरकलं की तो काढायचा, असं करत माणसं बोळकी होतात आणि दुखणं तिथेच राहतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा अनुभव आहे. तरी आजही चांगले दात काढले जातात, कारण रुग्ण हातापाया पडतो आणि डॉक्टरला वाटतं, बघू करून. ज्या मॅडमनी मला नाही म्हटलं, त्यांचं ऋण मी मानते. दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

आता गोळीबद्दल, कारण घरात खरा गोंधळ तिच्यावरून झाला. मला रात्री झोपण्याआधी अमिट्रिप्टिलिन सुरू केली, दहा मिलिग्रॅमपासून. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तर तिथल्या ओळखीच्या मुलानं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" जाऊबाईंनी मोबाइलवर नाव शोधलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर डिप्रेशनची गोळी!" आहेच. १९६० च्या दशकापासून डिप्रेशनसाठी वापरतात. त्यासाठी डोस लागतो तो कितीतरी मोठा. नसेच्या दुखण्यासाठी तीच गोळी फार थोड्या प्रमाणात देतात, कारण मेंदूकडून खाली येणारी, दुखण्याला आवर घालणारी जी यंत्रणा आपल्या प्रत्येकात असते, तिला ती बळ देते. आणि डिप्रेशनसाठी घ्यावी लागली असती तरी त्यात आवाज खाली आणण्यासारखं काय आहे?

गुण यायला आठवडे लागले. पहिले काही दिवस फक्त सकाळची गुंगी आणि तोंडाला कोरड. ही कोरड मनावर घ्यायची, कारण लाळ कमी झाली की उरलेले दात किडायला वेळ लागत नाही. मी पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि रात्रीचं ब्रशिंग चुकवत नाही. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, लघवी अडणं असं काही असेल तर ही गोळी चालेलच असं नाही. म्हणून माझी चिठ्ठी बघून कुणी ती घेऊ नका. कुणाला ड्युलोक्सेटिन लागू पडतं, कुणाला गाबापेन्टिन, कुणाला हिरडीवर लावायचं मलम. कुणाला यातलं काहीच पुरेसं पडत नाही. आज माझं सहाचं तीनवर आलंय, वाईट दिवशी पाच. शून्य होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही ते मागणं सोडलंय. तीनवर मी शिकवू शकते, वह्या तपासू शकते, भाचीच्या हळदीला नाचू शकते.

मॅडमनी रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. त्या वहीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. मला वाटायचं भाकरीनं वाढतं, लोणच्यानं वाढतं. वहीत तसं काही निघालं नाही. निघालं ते झोपेचं: ज्या रात्री झोप मोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा चढलेला. शिवाय गार वाऱ्याचं, आणि सलग बोलण्याचं. साताऱ्याच्या थंडीत एसटीत खिडकीजवळ बसत नाही, ओढणी गालावरून घेते. पाठोपाठ चार तास आले तर मधल्या तासाला मुलांना लिहायला देते. जबडा सैल ठेवायचा, ओठ मिटलेले पण दातावर दात नाही, हे दिवसातून अनेकदा आठवून करते. सासूबाई लवंग पुढे करतात. लवंगेच्या तेलानं किडलेला दात खरंच थोडा वेळ बधिर होतो, पण हे दुखणं तिथलं नाही, आणि नुसतं तेल हिरडीला भाजतं. मी त्यांच्या हातून लवंग घेते आणि तोंडात धरते. त्यांना बरं वाटतं, मलाही.

"टेन्शन घेऊ नकोस, मनाचं आहे सगळं," असंही पुष्कळ जण म्हणतात. मनाचा संबंध आहे. परीक्षांच्या दिवसांत, घरात आजारपण असताना ते वाढतं. मी समुपदेशनही घेतलं आणि त्याचा उपयोग झाला. दुखण्याच्या भीतीनं दिवसभर गालावर जे लक्ष लागलेलं असायचं, ते कमी झालं. पण मनानं वाढतं म्हणून ते मनानं रचलेलं आहे असं होत नाही. रक्तदाबही टेन्शननं वाढतो, त्याला कुणी खोटा म्हणत नाही.

तुमच्यापैकी काही जणींनी स्वतःच्या दुखण्याबद्दल कळवलंय, त्यांच्यासाठी थोडं. प्रत्येक गालाचं दुखणं हे नसतं. विजेसारखी चमक मारून काही सेकंदांत थांबत असेल, तोंड धुताना किंवा घास चावताना उसळत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो. त्याची औषधं वेगळी. गालाला किंवा ओठाला बधिरपणा आला, गाठ लागली, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्ण उघडेना, तर थांबू नका. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर अजिबातच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कानशिलं दुखत असतील, चावताना जबडा थकत असेल आणि नजर अंधूक होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना जबड्यात दुखू लागलं आणि छातीही भरून आली, तर ते हृदयाचं समजून हॉस्पिटल गाठा.

यातलं काही नसेल आणि दुखणं महिनोन् महिने हटत नसेल, तर ओरल मेडिसिन विभाग विचारा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत तो आहे, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयातही. जाताना जुने एक्सरे, आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घेतलेल्या गोळ्यांची नावं घेऊन जा. कधी सुरू झालं, दिवसात केव्हा वाढतं, कशानं कमी होतं, हे एका कागदावर लिहून न्या, कारण खुर्चीत बसलं की निम्मं आठवत नाही. आणि बरोबर नवऱ्याला, मुलीला, जी कुणी घरी तुमचं ऐकते तिला न्या. डॉक्टरांच्या तोंडून तिनंही ऐकलेलं बरं असतं. आमच्या घरी दाढेचा विषय त्या दिवसापासून बंद झाला तो त्यामुळेच.