आमची वाटचाल : ड्रॉइंग बोर्ड ते शिपायाची लेन

धंतोलीत एका डॉक्टरसाहेबांच्या गॅरेजमध्ये १९९६ साली आम्ही दोघांनी ड्रॉइंग ऑफिस थाटलं. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, पार्टनर आयटीआयचा ड्राफ्ट्समन. दोन बोर्ड, एक टी-स्क्वेअर आणि पार्टनरचे तीन रोट्रिंग, म्हणजे शाईनं नकाशे काढायचे पेन. त्या पेनांना तो मला हात लावू द्यायचा नाही. नागपूरचा मे महिना, आणि कूलर लावायची सोय नाही. कूलरच्या दमट हवेनं ट्रेसिंग पेपर फुगतो, त्याला लाटा येतात आणि ०.३ ची रेघ पसरते. म्हणून कूलर बंद, मानेवर ओला दुपट्टा, कोपराखाली टॉवेल. घामाचा थेंब शीटवर पडला की पार्टनर दिवसभर बोलायचा नाही. आज पोरं एसीत बसून ऑटोकॅडमध्ये 'अनडू' दाबतात. दाबू द्या बाप्पा.

बांधकामाचा नकाशा आम्ही आठ दिवसांत द्यायचो. सरकारी मंजुरीला मात्र महिने लागायचे आणि शिव्या आम्ही खायचो. मग नाइलाजानं मंजुरीची कामंही घेतली. आवक नंबर घ्यायचा आणि फाईलच्या मागे फिरायचं. कुठल्या टेबलावर सातबारा आधी बघतात, कुठं मोजणीची 'क' प्रत नसेल तर पान उलटत नाहीत, हे पायांनी शिकलो.

वाडीचे एक गोदामवाले काका आमचे पहिल्यापासूनचे ग्राहक. २०१२ च्या सुमारास त्यांची एक फाईल अशी अडकली की ते रोज ऑफिसात येऊन बसायला लागले. ओरडायचे नाहीत. एकच विचारायचे, "भाऊ, फाईल या घडीला नेमकी आहे कुठं?" मला सांगता येईना. सोळा वर्षं या धंद्यात काढून सांगता येईना, याची लाज वाटली.

शेवटी काकांच्या सहीनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि टिपणीच्या झेरॉक्स काढल्या. इतवारीतून खाकी कागदाचा रोल आणला, गॅरेजच्या भिंतीवर ठोकला आणि टिपणीवरच्या एकेका सहीची तारीख त्यावर मांडत गेलो. त्याच दिवसांत पुतण्यानं बीपीएमएन दाखवलं, म्हणजे काम कुठून कुठं जातं ते ठरलेल्या खुणांनी चित्रात मांडायची पद्धत. त्याची २.० आवृत्ती २०११ ला आली होती. बारीक कडेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड कडेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे निर्णय, आणि प्रत्येक माणसाची आपापली लेन, म्हणजे त्याच्या कामाचा आडवा पट्टा. पार्टनर म्हणाला, "हे तर आपण रोज पाहून राहिलो. फक्त खोकी काढली नव्हती."

काकांची फाईल १६३ दिवस फिरली होती. त्यात कागदावर खरोखर पेन चाललं तो वेळ सगळी टेबलं मिळून दीड दिवसही भरत नव्हता. बाकी नुसतं थांबणं आणि परत येणं. पहिल्या टेबलानं एक त्रुटी काढली, आम्ही पूर्तता केली. मग दुसऱ्या टेबलानं दुसरी काढली. ती पहिल्याच दिवशी दिसत होती, पण तिची पाळी तेव्हा आली नव्हती! एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर मानीव परवानगी आहे, म्हणजे परवानगी मिळाली असं धरायचं, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण हे ६० दिवस शेवटच्या पूर्ततेपासून मोजतात. म्हणजे ५८ व्या दिवशी एक त्रुटीपत्र निघालं की घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि मानीव परवानगीच्या कागदावर कर्ज देणारा बँकवाला मला अजून भेटायचा आहे.

तो खाकी कागद विदर्भातल्याच एका नियोजन कार्यालयातल्या साहेबांनी पाहिला. नाव घेत नाही, कार्यालयाचंही नाही. म्हणाले, आमच्या शाखेचा असा काढून द्या. तीन आठवडे आम्ही फाईलींच्या मागे चाललो. शब्दशः चाललो. आणि तिथं सापडलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. फाईल स्वतःच्या पायानं चालत नाही, शिपाई नेतो. तिथले शिपाईभाऊ दिवसातून दोनदा गठ्ठा उचलायचे, साडेअकराला आणि चारला. चारचा गठ्ठा चुकला की फाईल दुसऱ्या दिवसावर. सात टेबलं, म्हणजे कुणी काही तपासलं नाही तरी तीन-चार दिवस चालण्यातच गेले. म्हणून आम्ही चार्टमध्ये शिपायाला स्वतंत्र लेन दिली. लोक हसले.

दुसरी गोष्ट 'चर्चा करावी' या शेऱ्याची. निर्णयाच्या चौकटीतून दोन वाटा निघायला हव्यात, मंजूर नाहीतर त्रुटी. हा शेरा म्हणजे तिसरी वाट, आणि ती कुठंच जात नाही. कुणी, कुणाशी, कधी चर्चा करावी, काही नाही. आम्ही ती वाट लाल स्केचपेननं काढली आणि पुढं कोरा कागद सोडला. साहेब बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत होते.

उपाय साधे सुचवले होते. कागदांची तपासणी आवक नंबर द्यायच्या आधी करा. अग्निशमन, पाणीपुरवठा आणि उद्यान विभागाकडे एकामागून एक न पाठवता एकाच दिवशी पाठवा. सगळ्यांच्या त्रुटी एकाच पत्रात द्या. 'चर्चा करावी' लिहायचं तर तारीखही लिहा.

साहेबांना पटलं. या भरवशावर आम्ही चार पोरं ठेवली, कर्ज काढून मोठे नकाशे छापायचा प्लॉटर घेतला. मग हे सगळं कॉम्प्युटरवर आणायची निविदा निघाली, आणि तिच्यात उलाढालीची अट अशी की आमची सात जन्मांची कमाई मिळवली तरी भरणार नाही. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे लोक आले. गोड बोलले. तुम्ही आमचे सब-कन्सल्टंट, तुमचा चार्ट पाठवा, वर्कऑर्डर मागून येते आहे. पाठवला, संपूर्ण, ई-मेलनं. वर्कऑर्डर आजपर्यंत आली नाही. फोन आधी 'मीटिंगमध्ये' होता, मग 'आउट ऑफ स्टेशन' झाला, मग उचलणंच बंद.

त्यांच्या सादरीकरणाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर आमचाच चार्ट. रंग नवे, खाली त्यांचं नाव. आणि त्यात शिपायाची लेन! ऑनलाइन पद्धतीत, जिथं कुणीच काही उचलून नेणार नाही, तिथं शिपायाची लेन! ती का काढली होती हेच त्यांना कळलं नव्हतं. आम्ही सुचवलेले उपाय मात्र गाळले होते. आहे तेच जसंच्या तसं कॉम्प्युटरवर चढवलं. 'चर्चा करावी'ला तर बटण दिलं.

नंतरचं दीड वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. पोरांना जा म्हणावं लागलं. प्लॉटर घेतला त्याच्या निम्म्या किमतीत विकला, हप्ते मात्र पूर्ण भरले. गॅरेज सोडलं. पार्टनर पन्नाशीत दुसऱ्याकडे नोकरीला लागला आणि संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे यायचा, डबा घेऊन. वाडीचे काका एक दिवस आले, सहा गोदामांच्या फाईलींचा ॲडव्हान्स चेक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हिशेब मंग करू." सहांपैकी चार गोदामांच्या जागाही तेव्हा त्यांनी घेतलेल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. गोदामावरची माडीही बसायला दिली. खाली ट्रकचे टायर, वर आमचे चार्ट.

मग कामं येत गेली, होत गेली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटची कटकट बरीच कमी झाली, आणि बिल्डर लोक स्वतःच्या ऑफिसातल्या फाईलींचे चार्ट आमच्याकडून काढून घ्यायला लागले. पार्टनर परत आला. सध्या आम्ही नऊ जण आहोत.

नवीन पोरांनो, विचारलं नाही तरी सांगतो. लेन कधी पदांच्या तक्त्यावरून काढू नका, फाईलच्या मागे चालून काढा. शिपायासोबत चहा घ्या, साहेबांसोबत नंतर. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी भिंतीवर खाकी कागद लावा, त्यावर लोक येऊन खोडतात, लॅपटॉपवर कुणी खोडत नाही. आणि वर्कऑर्डर हातात पडल्याशिवाय एडिट होणारी फाईल पाठवू नका. पीडीएफ पाठवा, तीही अर्धी.

त्या कार्यालयातल्या शिपाईभाऊंचा मागच्या महिन्यात फोन आला. ओळख ठेवली होती त्यांनी. कंपनीनं प्रत्येक लेनला एक लॉगिन दिलं, म्हणून त्यांनाही मिळालं आहे.

"साहेब, माह्या लॉगिनवर अकरा फाईली येऊन राहिल्या. काय करू?"

"स्क्रीनवर काय लिहिलं आहे?"

"पुढे पाठवा."

"मग दाबा."

"आताच दाबू का चार वाजता?"