फ्लूच्या पेशंटला बुरशीचं औषध कशाला?

हा प्रश्न माझा नाही, विमा कंपनीचा. हॉस्पिटलातल्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) डेस्कवरच्या मुलीने तो मला वाचून दाखवला तेव्हा बाबा व्हेंटिलेटरवर होते. आता बाबा सकाळी उपवन तलावाला अर्धी फेरी मारतात, पण ते वाक्य आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

आधीचं थोडक्यात. जुलैत ताप, चार दिवस घरीच काढले (चूक झाली), मग एच१एन१ (स्वाइन फ्लू) पॉझिटिव्ह आणि ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलचं आयसीयू. पाचव्या दिवशी ताप उलटला, ऑक्सिजन खाली. अँटिबायोटिक बदलूनही ढिम्म फरक नाही. ब्रॉन्कोस्कोपीत श्वासनळीत पांढरे चट्टे दिसले. फुप्फुसात सलाईन सोडून परत ओढलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन सापडलं, म्हणजे ॲस्परजिलस बुरशीच्या भिंतीतला घटक. रक्तातली हीच टेस्ट निगेटिव्ह होती, तेव्हा नुसत्या रक्तावर विसंबू नका. त्याच संध्याकाळी व्होरिकोनॅझोल, म्हणजे ते बुरशीचं औषध, सुरू झालं, पैसे मी भरले.

आणि मग क्वेरी. पहिली वर लिहिलीच. तिला उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरी: पेशंटला कॅन्सर, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण? नाही. मग बुरशी कशी? तिसरी: म्युकर (काळी बुरशी) आहे का? २०२१ पासून बुरशी म्हटलं की सगळ्यांना म्युकरच आठवतो. आमच्या आत्यानेही फोनवर तेच विचारलं, पण ती विमा पास करत नाही. म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालतच नाही, हे प्रश्न विचारणाऱ्याला तरी ठाऊक असावं.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहिलं. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं अस्तरच खरवडतो, त्यामुळे एरवी धडधाकट माणसालाही ही बुरशी धरते. स्टेरॉईड दिलं असेल तर धोका वाढतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या आयसीयूंच्या २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात फ्लूच्या ४३२ पेशंटपैकी १९ टक्क्यांना ती झाली होती, आणि ज्यांना झाली त्यांतले निम्मे ९० दिवसांत गेले. हे शेवटचं वाक्य मी डेस्कसमोर उभ्याने वाचलं. वाचायला नको होतं.

पत्र परत आलं. सही होती, शिक्का होता, पण शाई सुकलेली, रजिस्ट्रेशन नंबरचे शेवटचे दोन आकडे उठलेच नव्हते. डॉक्टर ओपीडीत, शिक्का चौथ्या मजल्यावरच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली लंचला गेलेल्या सिस्टरकडे. मी त्या पॅडवर नळाचे दोन थेंब टाकले आणि शिक्का स्वतः मारला. स्वच्छ उठला.

आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या मंजुरीला एक तास दिलाय. आमचे दोन दिवस आणि वर काही तास गेले, कारण प्रत्येक क्वेरीनंतर त्यांचं घड्याळ नव्याने सुरू होत होतं.

म्हणून सांगतो, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विनंती करा की वाढीव मंजुरीच्या फॉर्मवर ‘इन्फ्लुएन्झामुळे झालेला फुप्फुसाचा ॲस्परजिलोसिस’ असं सरळ लिहा. आमच्या फॉर्मवर शेवटपर्यंत नुसतं ‘एच१एन१’ होतं, सगळं रामायण तिथून.

हो, एक राहिलं. व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी चार-पाच दिवसांनी तपासतात, ती टाळू देऊ नका. कमी असेल तर उपयोग नाही, जास्त झाली तर भास होतात. बाबांना भिंतीवर जांभळ्या मुंग्या दिसायच्या. घरी आल्यावर गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर, आणि उन्हात फिरायचं नाही. आधीपासूनच्या बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा, कित्येक गोळ्यांशी याचं जमत नाही.

औषधाचे पैसे पास झाले. गॅलॅक्टोमॅननच्या टेस्टचे मात्र कापले, शेरा: ‘निदानाशी संबंध नाही’. दुसरं स्मरणपत्र काल पाठवलंय.