मामा तलावावरचा माझा पहिला शोधनिबंध

भूगोलाच्या एम.ए.ला शोधनिबंध लिहायचा होता. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या माणसाला विषय शोधत फिरावं लागत नाही, तलावाच्या पाळीवर (बांधावर) उभं राहिलं की झालं. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या) काळातले शेतीला पाणी देणारे आपले मामा तलाव, यांवर लिहिते म्हटलं, तर मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हा विषय झाला. प्रश्न काय आहे तुझा? एका वाक्यात सांग."

ते एक वाक्य जुळायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी ठरलं: तलावातला गाळ आणि तुडुमाची (पाणी सोडायच्या तोंडाची) मोडतोड यांमुळे टोकाच्या बांध्यांना (धानाच्या शेतांना) पाणी कमी पोहोचतं का? प्रश्न ठरल्यावर मग निवड सोपी झाली. कोहळी समाजाने तलाव कसे बांधले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी कशी गेली, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदापुरतं ठेवलं. ढिवरांच्या मासेमारीवर चांगली माहिती मिळाली होती, ती जिवावर येऊन बाजूला काढली.

वाचनासाठी शोधगंगा या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावरचे प्रबंध उतरवून घेतले. प्रत्येकासाठी वहीत तीनच रकाने: काय विचारलं, कसं तपासलं, काय सापडलं. त्यामुळे पूर्वसंशोधनाचा आढावा 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' असा न होता मुद्द्यांनुसार लिहिता आला.

रोवणीच्या (धानलावणीच्या) दिवसांत बांधीवर जाऊन मुलाखती घेतल्या. एक बाबाजी म्हणाले, "गाळ आता कोन उपसते बाई? बेसरमानं तलाव खाल्ला." बेसरम म्हणजे तलावात माजणारं रानझुडूप. वाक्य भारी, पण ते ठेवायचं कुठे? निबंधाची खरी शिस्त मला इथे कळली. टोकाच्या शेतकऱ्यांची रोवणी उशिरा होते, हे त्यांनी सांगितलेलं, ते निरीक्षणांत. गाळामुळे उशीर होतो, हा मी लावलेला अर्थ, तो चर्चेत. आणि तिथे पाऊस उशिरा आला असेल, पाट फुटला असेल, ही दुसरी कारणंही तपासून मांडायची. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलं की वाचणाऱ्याला पुरावा कुठला आणि मत कुठलं, ते कळत नाही.

लिहिताना आधी पद्धती लिहिली, कारण ते काम हातून झालेलं होतं. मग तक्ते, चर्चा, प्रस्तावना. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. संदर्भ झोटेरो या संदर्भ नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून टाकत गेले, ते फुकट आहे आणि लाईट-नेट गेलं तरी लॅपटॉपवर चालतं (आमच्याकडे ही मोठीच सोय!). यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, पण मी टक्के मोजत बसले नाही. वाचलेलं मिटून ठेवून आपल्या शब्दांत लिहिलं. 'पैसे भरा, दोन दिवसांत छापू' असे भुरट्या नियतकालिकांचे मेसेज येतात, ते सरळ उडवले.

निबंध पाठवल्यावर परीक्षकांनी विचारलं, शेतकरी निवडले कसे? तलावाजवळचे आणि टोकाचे असे दोन गट का केले, ते पद्धतीत सविस्तर घातलं. प्रत्येक शेऱ्यापुढे माझं उत्तर आणि पानाचा आकडा असा तक्ता करून सुधारित प्रत पाठवली. दुसऱ्या फेरीत फक्त शुद्धलेखनाचे शेरे आले.