तुम्ही विचारलंत म्हणून: कीमोनंतर झोपू द्यावं की उठवावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरचे पेशंट जास्त बघते, त्यामुळे हा फोन मला सारखा येतो. पेशंटचा नाही हां, घरच्यांचा. "मॅडम, कीमो सुरू झाल्यापासून आई नुसती पडून असते, रात्रभर झोपून सकाळी उठली तरी म्हणते दमले, तिला झोपू देऊ की उठवून चालवू?" आणि मागून आईचा आवाज, "सांग त्यांना, मी नाटकं करत नाहीये."

नाटकं नाहीतच ती. कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधल्या सगळ्यात कॉमन त्रासांपैकी हा एक, पण उलट्या दिसतात, केस गळलेले दिसतात, थकवा दिसत नाही म्हणून घरात कोणाला पटत नाही. आपण दमलो की एक झोप काढून ताजेतवाने होतो, यांचं तसं होत नाही, कारण आजार आणि औषधं दोन्हीमुळे शरीर आतून ढवळून निघालेलं असतं, रक्त कमी झालेलं असतं, जेवण जात नाही, झोप तुकड्यातुकड्यात, वर मनाला धास्ती.

म्हणून चालवायच्या आधी रिपोर्ट बघा. हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलेल्या बाईला "मन खंबीर ठेव" सांगून काय होणारे? मानेला रेडिएशन झालं असेल किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, चालू असेल तर डॉक्टरांना थायरॉइडचं विचारा. दुखणं, उलटीच्या गोळ्यांनी येणारी गुंगी, उदासपणा, हेही सांगा, "कीमो आहे म्हणजे थकवा असणारच" म्हणून गप्प बसू नका. बीट-खजूर खुशाल द्या, पण कीमोने बोनमॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, दबून रक्त कमी झालं असेल तर ते बीटाने भरून येत नाही. आणि शेजारच्यांनी सांगितलेला गुळवेलीचा काढा डॉक्टरांना न विचारता अजिबात नको, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटच्या केसेस छापल्या आहेत.

आता उत्तर. उठवा, पण थोडंच. दिवसभर पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू भराभर उतरतात, मग बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागते, मग माणूस अजून पडून राहतो. थकव्यावर हमखास गोळी नाही, सगळ्यात जास्त पुरावा आहे तो व्यायामालाच, हे ऐकून लोकांना माझा राग येतो. पण व्यायाम म्हणजे काय, तर घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं, दिवसातून दोन-तीनदा, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तितकं. हळूहळू वाढवत आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यापर्यंत आलात तर उत्तम. दुपारची झोप अर्ध्या तासाची, जास्त झाली की रात्र जाते. ताप असेल, प्लेटलेट खूप कमी असतील, कॅन्सर हाडांत गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दिवस ओळखा. तीन आठवड्यांची सायकल असेल, म्हणजे दर तीन आठवड्यांनी कीमो, तर बहुतेकांना कीमोनंतरचे पहिले काही दिवस वाईट जातात, मग पुढच्या सायकलपर्यंत जरा बरं वाटतं. वहीत रोज ० ते १० मध्ये थकव्याला मार्क द्यायचे, दोन सायकलींत पॅटर्न कळतो, मग बँकेचं काम कधी आणि कोणाचं बारसं कधी जमेल हे ठरवता येतं. रेडिएशनचं उलटं, सुरुवातीला काहीच वाटत नाही, शेवटी शेवटी थकवा चढतो आणि संपल्यावरही काही आठवडे राहतो, नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, आता तर संपलं, मग काय झालं?

अंगातली ताकद ही उन्हाळ्यात तासभर येणाऱ्या नळाच्या पाण्यासारखी धरायची, आधी काय भरायचं ते आपण ठरवायचं. बऱ्याच जणांची ती अंघोळीतच संपते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. कढत पाणी, उभं राहणं, हात वर करून डोकं धुणं, वाकून पाय पुसणं, आणि लगेच कपडे घालून हॉस्पिटलची रिक्षा! त्यापेक्षा बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवा, पाणी कोमट, आणि हॉस्पिटलच्या दिवशी अंघोळ आदल्या संध्याकाळी. माझ्या एका पेशंट काकूंना भाकरी स्वतःच्याच हातची हवी असायची, सुनेने सगळं काढून घेतल्यावर त्या जास्तच खचल्या. मग सून पीठ मळून द्यायची, काकू ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून दोन भाकऱ्या थापायच्या, भाजायची सून. पेशंटचं सगळंच काम काढून घेऊ नका हो.

त्याऐवजी भेटायला येणारे कमी करा. कीमोच्या आठवड्यात सहा माणसं येऊन तासभर बसणार, चहा होणार, पेशंट उशीला टेकून हसत बसणार आणि ते गेल्यावर संध्याकाळचं जेवण चुकणार. स्पष्ट सांगायचं, पुढच्या आठवड्यात या, आणि येताना डबा आणा. वाईट वाटलं तर वाटू दे.

एवढं करूनही वहीतला थकव्याचा मार्क ७ च्या वर राहिला किंवा एकदम वाढला तर ओपीडीच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करा. बसल्या जागी दम लागतोय, छातीत दुखतंय, पेशंट गोंधळल्यासारखं बोलतोय किंवा ताप १००.४ ला गेलाय, तर मग रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल.